कोणाच्या टेबलावर?

आमच्या गावात बस आहे हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. गाव आपलं सवयीनं म्हणते, तसं ते चांगलं शहर आहे. मधून नदी जाते, तिच्यावर पूल आहेत, टायरचा एक बंद पडलेला कारखाना आहे आणि एक इन्शुरन्स कंपनी आहे, जिच्यावर निम्मं शहर जगतं. त्या निम्म्यात आम्हीही आलो. टेक्ससमधल्या फ्रिस्कोतली माझी मावसबहीण मात्र अजून "तुम्ही शिकागोजवळ ना?" असंच विचारते. शिकागो आमच्यापासून चार तासांवर आहे. तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जाऊन गोडा मसाला आणि पोहे भरून आणायचे म्हणजे आमचा अख्खा शनिवार जातो. पण तिला समजावून सांगायचं मी सोडून दिलंय. तिच्या मते अमेरिकेत फ्रिस्को आहे, सनीव्हेल आहे आणि मधे नुसतं मोकळं रान.

तर, बस. ती बाबांनी शोधून काढली.

आई गेल्यावर बाबा वर्षभर अकोल्यात एकटे राहिले. मग मी हट्टाला पेटून त्यांचं ग्रीन कार्ड केलं आणि त्यांना इकडे आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी खोलीत बॅग ठेवली, खिडकीतून बराच वेळ बाहेर बघितलं आणि म्हणाले, "कोंडवाडा चांगला आहे बाई तुझा. गरम पाणी पण आहे."

कोंडवाडा म्हणजे नगरपालिका मोकाट गुरं पकडून जिथे डांबते ती जागा. बाबांनी उभी हयात सरकारी कचेरीत काढली, हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, त्यामुळे त्यांच्या तोंडी असलेच शब्द यायचे. मी हसले. पण हिवाळा लागला आणि हसू आटलं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी फुटपाथ संपतो. पुढे चार लेनचा रस्ता, दोन्ही बाजूंना गवत आणि खड्डा. चालत जाण्यासारखं एक दुकान नाही. नवरा आणि मी ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि बाबा दिवसभर सोफ्यावर. एकदा ड्रायव्हिंगची टेस्ट द्यायला नेलं, तर डोळे तपासतानाच नापास झाले. संध्याकाळी मी घरी आले की कुत्र्यासारखे दारात उभे असायचे. वडिलांबद्दल असं लिहू नये, पण मला ते तसंच दिसायचं.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस मी घरी आले तर बाबा नाहीत. फोन सोफ्यावर. मी कॉलनीभर हाका मारत फिरले. शेजारच्या बाईंनी तर पोलिसांना फोन करायची तयारी केली होती, तेवढ्यात समोरून बाबा आले. हातात पिशवी, पिशवीत लायब्ररीची दोन पुस्तकं.

"बसनं गेलतो," म्हणाले. "सात नंबर. आपल्या कोपऱ्यावरूनच जाते. हात दाखवला, थांबली."

त्या दिवसापासून माझा बाप परत माणसात आला. सकाळी अंघोळ, इस्त्रीचा बुशशर्ट, वर स्वेटर, आणि सात नंबर. बस चालवायला एक धिप्पाड काळी बाई होती. ती त्यांना "गुड मॉर्निंग, यंग मॅन!" म्हणायची. बाबा पहिल्यांदा चिडले, मग घरी येऊन तेच रोज सांगायला लागले. तिच्या मागची सीट त्यांची ठरलेली. एसटीतही ते कायम ड्रायव्हरच्या मागेच बसायचे, रस्ता आपल्यालाही दिसला पाहिजे म्हणून. बसमध्येच त्यांना एक गोरे म्हातारे भेटले. टायरच्या कारखान्यात जन्म घालवलेले, बायको नाही, गाडी विकून टाकलेली. दोघं लायब्ररीत बुद्धिबळ खेळायचे. बाबांचं इंग्रजी कचेरीतलं, त्यांचं कारखान्यातलं. एकमेकांचं काय कळत होतं देव जाणे, पण बाबा त्यांना "माझा पार्टनर" म्हणायचे. जेवताना मुलगी विचारायची, "आजोबा, हू वन टुडे?" आणि बाबा उत्तर द्यायचे, "आज पार्टनर. त्याला सर्दी होती म्हणून सोडून दिला."

सव्वा वर्ष असं चांगलं गेलं. मग एका संध्याकाळी बाबांनी फोन पुढे केला. स्टॉपच्या खांबावर लावलेल्या नोटिशीचा फोटो होता. शहराच्या बजेटमध्ये तूट आहे, त्यामुळे नव्या वर्षापासून काही मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव आहे. सात नंबर त्यात पहिला.

मी वाचून दाखवलं. बाबांनी ताटातला भात संपवला, हात धुतले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "गाडी बंद झाली तर मी जातो अकोल्याला."

"बाबा, ग्रीन कार्ड आहे. परत तिकडे राहायला गेलात तर ते जाईल. मग नुसतं व्हिसावर, पाहुण्यासारखं..."

"जाऊ दे ना मग. कोंडवाड्यात राहायला कार्ड कायले पाहिजे?"

ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. भांडण मला चांगलं जमतं. पण ते शांत होते, म्हणून मी घाबरले. अकोल्यात त्यांचं कोण होतं? दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भाजी आणायला कोणी नाही, गुडघे दुखतात. तिथे एकटे पडले, घसरले, तर मला कळायलाही दिवस लागेल.

मग मी राजकारणात उतरले. नवरा म्हणाला, "यार, तू सिटी काउन्सिलला जाऊन काय करणार?" तो मूळचा पुण्याचा. काम होणार नाही असं आधीच सांगून मागाहून "मी म्हटलं होतं"चं श्रेय घ्यायची त्याला सवय आहे. पण मी नागरिक झाले होते, मत दिलं होतं. आमच्या वॉर्डच्या काउन्सिलबाईंच्या नावाची प्रचाराची पाटी आमच्या लॉनवर महिनाभर उभी होती. आमच्या मंडळाचा गणपती चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बसतो, तिथे त्या पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या, दोन मोदक खाल्ले होते. म्हटलं, बाई आपल्या आहेत. मी त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आय हिअर यू."

हे वाक्य इकडे फार चालतं. ऐकू येतंय म्हणतात. म्हणजे कान शाबूत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे "बघू" म्हणतात तसंच. पण बाईंनी खरंच काहीतरी करायचं ठरवलं. सात नंबर आणखी वर्षभर चालू ठेवावी असा ठराव त्या मांडणार होत्या.

बाबांनी निवेदन तयार केलं. बसमधल्या लोकांच्या सह्या घेतल्या, ड्रायव्हरबाईंचीही मागितली, पण ती नोकरीला घाबरून नाही म्हणाली. सभा संध्याकाळी साडेसहाला, आणि शेवटची बस सहाला. म्हणजे ज्यांची बस बंद होणार, त्यांना सभेला येऊन घरी जायला बस नाही. ही गंमत तिथल्या कोणाच्या डोक्यात आली नसावी. मी बाबांना आणि पार्टनरना गाडीत घालून नेलं.

सिटी हॉलमध्ये क्लार्कबाई बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात चष्मा. बाबांनी निवेदन दिलं आणि दुसरी प्रत पुढे केली. "पोच," मला म्हणाले, "पोच मागून घे." मी ओशाळून सांगितलं की माझ्या वडिलांना कागद मिळाल्याचा शिक्का हवाय. बाई म्हणाल्या, असं काही आम्ही करत नाही. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं, खणातून तारखेचा एक जुना शिक्का शोधून काढला आणि शाईवर दोनदा आपटून उठवून दिला. बाबांनी फुंकर मारून प्रत खिशात ठेवली. आता काम झाल्यात जमा आहे, असा चेहरा.

लोकांना बोलायला तीन मिनिटं. समोर सिग्नल होता, हिरवा, पिवळा, लाल. बाबांनी मला बोलू दिलं नाही, स्वतः उभे राहिले. "ऑनरेबल मेयर सर, ऑनरेबल मेंबर्स, वुइथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट..." मग आपण कोण, कुठून आलो, नोकरी किती वर्षं केली, मुलगी काय करते. पिवळा झाला तेव्हा ते बसपर्यंत पोचले. ड्रायव्हरबाईंचं कौतुक चालू असताना लाल झाला, आणि लाल दिसताच बाबा वाक्य अर्धं टाकून थांबले. "थँक यू. किंडली डू द नीडफुल," एवढं म्हणून जागेवर येऊन बसले. आयुष्यभर त्यांनी कधी सिग्नल तोडला नाही. पार्टनर बोलायला उभेच राहिले नाहीत, त्यांना दम लागला होता.

मग आमच्या काउन्सिलबाईंनी ठराव मांडला. थोडी चर्चा झाली. गाड्यांची शोरूम असलेले एक सदस्य होते, ते अगदी हसतमुखानं म्हणाले, "आय मूव्ह टू टेबल."

माझ्या अंगावर काटा आला. टेबल! लहानपणापासून बातम्यांत ऐकलेलं होतं, विधेयक सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आलं. इंग्रजी पेपरात त्यालाच 'टेबल्ड' म्हणायचे. म्हणजे विषय घेतला! महापौरांनी विचारलं, बाजूनं कोण? सातही जणांनी हात वर करून "आय", म्हणजे हो, म्हटलं. आमच्या बाईंनीसुद्धा. एकमतानं!

मी टाळ्या वाजवल्या. मी वाजवतेय बघून बाबांनीही वाजवल्या. त्या मोठ्या हॉलमध्ये आम्हा दोघांच्याच टाळ्या. महापौरांनी आमच्याकडे पाहिलं, क्षणभर गोंधळले, आणि मग मान झुकवून गोड हसले. सगळेच गोड हसले. कोणी एका शब्दानं काही सांगितलं नाही. मागाहून मला या हसण्याचा जेवढा राग आला, तेवढा कशाचाच आला नाही. इथली माणसं फार चांगली आहेत. दारात बर्फ पडला तर न सांगता काढून देतात. पण समोरचा माणूस चुकीच्या गाडीत बसतोय हे दिसत असलं, तरी "हॅव अ गुड ट्रिप" म्हणून हात हलवतील.

बाहेर मी काउन्सिलबाईंचे आभार मानले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे ओले झालेले होते. मला वाटलं, आनंद.

पार्टनरना सोडून घरी येताना बाबांनी खिशातली पोच काढून पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "टेबलावर ठेवला म्हणाले ना?"

"हो बाबा. पटलावर आला विषय. एकमतानं."

"पण कोणाच्या टेबलावर? ते विचारलं का?"

मी खूप हसले. बाबा, ही तुमची कचेरी नाही, म्हटलं. तुमच्याकडे फाईल टेबलावर गेली की तिथेच मुरते. इथे टेबल म्हणजे सभागृह. बाबा म्हणाले, "असेल बाई. तू शिकलेली आहेस." घरी आल्यावर मी शिरा केला, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी बाबा डबाभर शिरा ड्रायव्हरबाईंना घेऊन गेले. संध्याकाळी सांगत होते, तिनं खाल्ला, आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. तूप जास्त झालं असेल का, असं मला विचारत होते.

रविवारी जेवताना मी हा पराक्रम पुन्हा एकदा सांगत होते, तेव्हा मुलीनं मान वर केली. "वेट, मॉम. दे टेबल्ड इट?"

"हो ना!"

"मॉम, दॅट मीन्स दे'र नॉट डूइंग इट. इट्स लाइक... यू पुट इट अवे. फॉरेव्हर." ती हसायला लागली होती, पण आजोबांकडे लक्ष गेलं आणि थांबली. "सॉरी, आजोबा."

बाबा मला म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच आहे ना इथे." आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

मी त्याच वेळी टेबल सोडून उठले आणि काउन्सिलबाईंना फोन लावला. रविवार होता, तरी त्यांनी उचलला. मी विचारलं, टेबलावरची गोष्ट खाली कशी येते? कोणीतरी तसा प्रस्ताव मांडावा लागतो, म्हणाल्या. मग तुम्ही मांडा. माझ्याकडे मतं नाहीत, म्हणाल्या. मग बाजूनं हात का वर केलात? त्या म्हणाल्या, ठराव पडला असता तर मेलाच असता, टेबलावर आहे म्हणजे निदान मेलेला तरी नाही. मग म्हणाल्या, "आय हिअर यू."

यानंतर मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण कशाचाच उपयोग झाला नाही. सगळ्या सदस्यांना ईमेल केल्या, सगळ्यांची गोड उत्तरं आली. पुढच्या सभेला गेले, तर विषयपत्रिकेवर बसच नव्हती. तरी मी तीन मिनिटं बोलले, लाल झाला तरी बोलत राहिले, कोणी अडवलं नाही. भांडायला समोर कोणी उभंच राहीना. अकोल्यात निदान बाबूवर ओरडता आलं असतं, मोर्चा नेता आला असता, कोणीतरी आपल्यावर खेकसलं असतं. इथे जिथे ढकलावं तिथे कापूस. टेबलचा अर्थ मला त्याच दिवशी कळला असता तरी काय मोठं झालं असतं? सात हात तसेच वर गेले असते. मी फक्त टाळ्या वाजवल्या नसत्या.

बसऐवजी फोन करून बोलवायची व्हॅन मिळते असं कळलं, पण आदल्या दिवशी नोंदवावी लागते. बाबा म्हणाले, "उद्या मला जावंसं वाटेल का, हे आज कसं सांगू?" उबरनं जा म्हटलं, तर पुस्तक बदलायला कोणी टॅक्सी करतं का, म्हणाले. मी त्यांची मुलगी आहे, त्या पिढीला ओळखते, म्हणून जास्त ताणलं नाही.

वर्ष संपलं आणि सात नंबर बंद झाली. शेवटच्या दिवशी बाबा शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन त्याच बसनं परत आले. ड्रायव्हरबाईंना दुसरा मार्ग मिळाला, आमच्यापासून लांबचा. पार्टनर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. त्यांचा फोन यायचा, पण फोनवर दोघांनाही एकमेकांचं काही कळायचं नाही. मग दोघं नुसते "ओके, ओके" म्हणायचे.

बाकडं उचलून नेलं, खांब मात्र राहिला. बाबा सकाळी आवरून खांबापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. पाय मोकळे होतात, म्हणायचे. जानेवारीत एका सकाळी मला ऑफिसात फोन आला. पोलीस. फोनवरचा माणूस अतिशय नम्र होता. काही काळजी करू नका मॅम, तुमचे वडील घरी सुखरूप आहेत. रस्त्यानं जाणाऱ्या कोणीतरी कळवलं होतं की एक वयस्कर गृहस्थ थंडीत स्टॉप नसलेल्या ठिकाणी उभे आहेत, वाट चुकलेले वाटतात. आम्ही त्यांना गाडीतून घरी आणून सोडलं.

मी घरी पोचले. बाबा सोफ्यावर बसले होते. माकडटोपी तशीच डोक्यावर, बूटसुद्धा पायातच.

"चांगला होता बिचारा," म्हणाले. "दार उघडून दिलं. मागं बसवलं, जाळीच्या पाठीमागं. समोरच्या घरातली बाई बघून राहिली होती."

मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"मोकाट जनावर कसं आणून सोडतात, तसं आणलं बाई मला," बाबा म्हणाले, आणि आई गेली तेव्हासुद्धा न रडलेला हा माणूस माकडटोपी डोळ्यांवर ओढून रडायला लागला. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि करण्यासारखं काही नव्हतंच.

तिकीट मीच काढलं. त्यांना थांबवण्याचा हक्क मला उरला नव्हता. ते मार्चमध्ये गेले. निवेदनाची पोच त्यांच्या बॅगेत पासपोर्टशेजारी होती. "असू दे, कधी विषय निघाला तर दाखवता येईल," म्हणाले. आता दर रविवारी फोनवर आधी तब्येत, मग भाजीचे भाव, आणि मग हळूच विचारतात, "उठला का गं विषय टेबलावरून?" मी म्हणते, "बघतायत, बाबा."

परवा मी पुन्हा सिटी हॉलला गेले. काही होणार नाही हे माहीत होतं, तरी गेले. रविवारी नुसतंच "बघतायत" म्हणवत नाही. विषयपत्रिका बघितली, बस नव्हती. निघताना क्लार्कबाईंनी मला ओळखलं. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी विचारलं, ते शिक्का मागणारे गृहस्थ कसे आहेत?

"ही इज गॉन," मी म्हटलं. गेले. परत गेले, असं मला म्हणायचं होतं.

बाईंचा हात छातीवर गेला. "ओह, हनी. आय ॲम सो सॉरी." त्या टेबलाला वळसा घालून बाहेर आल्या आणि त्यांनी मला मिठी मारली. म्हणाल्या, असा सभ्य माणूस मी या हॉलमध्ये पाहिला नव्हता.

मी सांगायला तोंड उघडलं. नाही हो, जिवंत आहेत, अकोल्यात आहेत. पण एवढी चांगली बाई, तिला कशाला ओशाळवायचं, असं वाटलं. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी मनसोक्त रडले. तिकडे तेव्हा पहाट झाली असणार. बाबा उठून एकट्यापुरतं दूध तापवत असतील.